ठिणगीची गोष्ट: भाट्याच्या खाडीतलं बंद पडणारं इंजिन

आजच्या एपिसोडमध्ये राजे नाहीत, लढाया नाहीत. एक तार आहे, काळी, वीतभर लांबीची. तिने माझ्या मामाला गेल्या वर्षी भाट्याच्या खाडीच्या मुखाशी, ऐन ओहोटीच्या वेळी, अर्धा तास वल्हं मारायला लावलं. शेवटी दुसऱ्या होडीवाल्याने दोर टाकला म्हणून ते घरी आले.

मामाकडे होडीच्या मागे लावायचं जुनं टू-स्ट्रोक आऊटबोर्ड आहे, पॉइंटवालं. मिरकरवाड्याच्या मोठ्या ट्रॉलरना हा त्रास नसतो. त्यांची इंजिनं डिझेलची, त्यात ठिणगीच लागत नाही. पेट्रोलवाल्याचं मात्र सगळं ठिणगीवर अडतं. आमच्या इंजिनाची तक्रार विचित्र होती. अंगणात, पाण्याच्या पिंपात बुडवून चालवलं तर मस्त चालायचं. खाडीत नेलं की दहा मिनिटांत गप्प. मामांनी तीनदा प्लग बदलला. एका दुकानदाराने नवीन कॉइलही गळ्यात मारली.

"अरे, सगळं नवीन टाकलं, तरी नाय होत," मामा म्हणाले. "तू इंजिनियर ना? बघ."

मी सॉफ्टवेअरवाला. पण टेस्टिंगला चालतं आणि लाइव्ह गेलं की मरतं, हा बग माझ्या फार ओळखीचा. म्हणून हातात पाना घेण्याआधी मी वाचत बसलो, आणि वाचता वाचता थेट 1831 ला पोचलो.

त्या वर्षी मायकल फॅरेडेने दाखवलं, की तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक हलवला की तारेत वीज निर्माण होते. त्यावर मॅग्नेटो उभा राहिला. जर्मनीत श्टुटगार्टला रॉबर्ट बॉशच्या कारखान्याने 1897 मध्ये तो गाडीच्या इंजिनाला बसवला. 1902 मध्ये त्याच्याच इंजिनियरने, गॉटलोब होनोल्डने, हजारो व्होल्ट देणारा मॅग्नेटो आणि त्याला शोभेल असा स्पार्क प्लग तयार केला. ही वस्तू इतकी महत्त्वाची ठरली की 1914 मध्ये महायुद्ध पेटल्यावर ब्रिटिशांना धक्का बसला: आपल्या गाड्या-विमानांना लागणारे मॅग्नेटो बहुतेक शत्रूकडूनच येत होते! मग घाईघाईने स्वतःचे कारखाने उभारावे लागले.

इकडे अमेरिकेत ओले एव्हिनरूड, मूळचा नॉर्वेचा, 1909 मध्ये होडीला मागून लावायचं इंजिन विकू लागला. वजन 62 पौंड, ताकद दीड हॉर्सपॉवर. धंद्याची आणि जाहिरातीची बाजू त्याची बायको बेस सांभाळायची. (तळ्यातून होडी वल्हवत आणलेलं आइस्क्रीम वितळलं म्हणून त्याला इंजिन सुचलं, अशी गोष्ट सांगतात. खरी-खोटी असो, मला आवडते.)

आता गंमत बघा. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगने बॅटरीवर चालणारं इग्निशन, दिवे आणि सेल्फ-स्टार्ट एकत्र आणले, आणि हळूहळू गाड्यांतून मॅग्नेटो गेला. छोट्या होडीत मात्र तो राहिला. कारण उघड आहे: खारं पाणी आणि बॅटरी यांचं जमत नाही. दोरी ओढा, फ्लायव्हीलमधला चुंबक फिरेल, वीज तयार. चार्ज करायची भानगड नाही.

फ्लायव्हीलखाली कॉइल असते. चुंबक जवळून गेला की तिच्यात करंट वाहतो. नेमक्या क्षणी पॉइंट उघडतात, करंट तुटतो, आणि त्या तुटण्याच्या झटक्यातून ठिणगी पडते. मिनिटाला 4000 फेरे म्हणजे सेकंदाला साधारण 66 वेळा. मग इंजिन बंद कसं करायचं? बटण दाबलं की तो करंट सरळ इंजिनाच्या बॉडीला जोडला जातो. पॉइंट उघडले तरी करंट तुटत नाही, ठिणगी नाही.

म्हणजे लॉजिक उलटं! घरातला दिवा वायर तुटली की विझतो. इथे वायर *जोडली* गेली की इंजिन विझतं. मी हे वाचलं आणि रात्री साडेअकराला मामांना फोन केला. ते झोपले होते.

सकाळी झाकण काढून बंद करायच्या बटणाची तार इंजिनाकडून सोडवली आणि तिचं उघडं टोक टेपने झाकलं. पॉइंटवर हिरवट थर होता, तो बारीक पॉलिश पेपरने पुसला. पावसाळ्यात दोन महिने इंजिन पडून राहिल्यावर आमच्या हवेत हे होणारच. मग होडी घेऊन निघालो. दहा मिनिटं, वीस, चाळीस. इंजिन बंद पडलं नाही.

परत येऊन ती काळी तार बोटांत धरून सरकवत गेलो. हँडलजवळच्या पत्र्याच्या कडेला तिचं रबर घासून आतलं तांबं दिसत होतं. पिंपात इंजिन मंद चालायचं, थरथर कमी. खाडीत जोर दिला की हँडल वळायचं, तांबं पत्र्याला टेकायचं. आणि इंजिनाला वाटायचं की कोणीतरी बटण दाबलंय.

मामा खूश. "मग ऱ्हाऊ दे ती सुटलेलीच. बंद करायला चोक ओढतो मी."

इथे आमचं वाजलं. असं करणारे बरेच जण आहेत, मला माहितेय. पण मामा बहुतेक वेळा एकटे जातात. हँडल हातातून सुटून माणूस पाण्यात पडला, तर होडी थांबत नाही, गोल फिरून त्याच्याच अंगावर येऊ शकते, आणि मागे पंखा फिरत असतो. मी हे चढ्या आवाजात सांगितलं, मामी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी नवी तार ओढली, पत्र्याच्या कडेला स्कूटरचं रबर बसवलं, आणि दोरी खेचली की इंजिन बंद होईल असा स्विच जोडला. दोरी मनगटाला बांधायची. मामा हसले, "लहान पोराला बांधल्यासारखं!" पहिल्या दिवशी त्यांनी ती होडीच्या खिळ्याला अडकवली होती, मी धक्क्यावरून बघितलं.

आता निघताना मामीच बांधतात.