झडपांची वेळ

भिलाईचे सिविक सेंटर हे तेथील पोलाद-वसाहतीच्या बाजाराचे ठिकाण होय. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यामध्ये कारखान्याविषयी करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि भाताच्या शेतांच्या मुलखात एक नवे नगर उभे राहिले. आज या बाजारात ज्या मोटारी व मोटारसायकली उभ्या असतात, त्यांपैकी अनेकींच्या इंजिनात एक विलक्षण सोय असते. इंजिन चालू असतानाच त्याच्या झडपा उघडण्या-मिटण्याची वेळ आपोआप मागेपुढे होते. ही सोय संगणकयुगाची देणगी आहे असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः तिचा इतिहास जुना आहे. आणि त्याचा एक मोठा भाग भिलाईजवळून जाणाऱ्या मुंबई-हावडा मार्गासारख्या लोहमार्गांवर, वाफेच्या इंजिनांत घडला आहे.

इंजिन कोणतेही असो, त्यात योग्य क्षणी काही आत घ्यावे लागते आणि योग्य क्षणी काही बाहेर सोडावे लागते. न्यूकोमेनच्या १७१२ च्या वाफयंत्रासंबंधी अशी आख्यायिका सांगतात की, झडपा हाताने उघडण्याच्या कामाला कंटाळलेल्या हम्फ्री पॉटर नावाच्या मुलाने त्या दोऱ्यांनी यंत्राच्याच तुळईला बांधून टाकल्या. कथा खरी असो वा नसो, तिच्यातील मर्म खरे आहे. झडपेची वेळ ठरविण्याचे काम माणसाने यंत्रावर सोपविले, तेथपासून ही कहाणी सुरू होते.

परंतु यंत्राला नेमून दिलेली वेळ सर्व प्रसंगी सारखीच उपयोगी पडत नाही. गाडी जागची हलवावयाची तर सिलिंडरमध्ये दीर्घकाळ वाफ शिरावी लागते. गाडी वेगात आली म्हणजे वाफ लवकर तोडणे फायद्याचे ठरते. कारण आत कोंडलेली वाफ प्रसरण पावून उरलेला दट्ट्या स्वतःच ढकलते व कोळसा वाचतो. १८४२ मध्ये स्टीफन्सनच्या कारखान्यातील विल्यम्स हा नकाशे काढणारा तरुण आणि होव हा लाकडी साचे करणारा कारागीर यांच्या प्रयत्नांतून यासाठी एक जोडणी सिद्ध झाली. १८४४ मध्ये बेल्जियमच्या वाल्शार्टने आपली निराळी रचना योजिली. या रचनांमुळे चालकाच्या हाती एक दांडा आला आणि वाफ केव्हा तोडावयाची हे धावत्या गाडीत ठरविता येऊ लागले.

१८६३ मध्ये बोरघाटाचा लोहमार्ग खुला झाला. तेथील चढ काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र होता. अशा चढावर वाफ सढळ हाताने द्यावयाची आणि सपाटीला लागताच ती आखडती घ्यावयाची, हे चालकाचे कसब. पुढे भारतभर धावलेल्या डब्ल्यूपी व डब्ल्यूजी या इंजिनांवर वाल्शार्टचीच जोडणी होती. भिलाईच्या रुळांवरून धावलेल्या वाफेच्या गाड्यांतही चालकाचा कान आणि हात मिळून झडपांची वेळ ठरवीत.

पेट्रोलच्या मोटारीने हा अधिकार चालकाकडून काढून घेतला. ऑटोने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन सिद्ध केले. त्यात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक फेरा होतो आणि कॅमचे उंचवटे झडपा उघडतात. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांच्या गतीत प्रत्येक झडप सेकंदाला पन्नास वेळा उघडते. आठशे फेऱ्यांच्या मंद गतीत सात वेळाही नाही. वेगात आत धावणाऱ्या हवेला स्वतःचा जोर असतो, म्हणून आतली झडप उशिरा मिटली तर अधिक हवा भरते. मंद गतीत तोच उशीर घेतलेली हवा परत बाहेर ढकलतो. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेल्या आणि मुंबईच्या टॅक्सी म्हणून २०२३ पर्यंत धावलेल्या पद्मिनीत ही वेळ साखळीने कायमची बांधलेली होती. ती वेळ म्हणजे एक तडजोड होती. सर्व गतींना थोडे थोडे देणारी, कोणत्याही एका गतीला पूर्ण न देणारी.

या तडजोडीतून सुटण्याची वाट मोटारीच्या आधी एका आगगाडीच्या इंजिनानेच दाखविली होती. इटलीच्या आर्तुरो काप्रोत्ती यांनी १९२० च्या सुमारास वाफेच्या इंजिनाला मोटारीसारखे कॅम बसविले आणि त्या कॅमांचा परस्परांतील कोन बदलून वाफ तोडण्याची वेळ बदलली. पुढे इटलीतच, १९८० मध्ये, आल्फा रोमिओच्या स्पायडर मोटारीत कॅमशाफ्टचा कोन बदलणारी योजना विक्रीच्या गाडीत आली. १९८९ मध्ये जपानच्या होंडाने उंचवटेच बदलण्याची युक्ती इंटेग्रा मोटारीत आणली. २०१८ मध्ये भारतात विकल्या जाणाऱ्या यामाहाच्या आर-१५ या मोटारसायकलीतही अशी सोय आली.

आजच्या बहुतेक मोटारींत कॅमशाफ्टच्या टोकाशी एक पोकळ चक्र असते. त्याच्या बाहेरील दात्यांवर साखळी चढते. आतील पात्यांचा गाभा कॅमशाफ्टला जोडलेला असतो. इंजिनाचे तेल पात्यांच्या एका अथवा दुसऱ्या बाजूस दाबाने शिरते आणि कॅमशाफ्ट साखळीच्या तुलनेत काही अंश पुढे वा मागे फिरते. किती फिरावयाचे हे संगणक ठरवितो. इंजिन थांबले म्हणजे एक छोटी खीळ आत पडून चक्र आपल्या मूळ स्थानी अडकते.

आणि येथेच मेस्त्रीचे महत्त्व पुन्हा प्रकट होते. साखळी बदलावयाची वेळ आली की संगणक काही करू शकत नाही. पहिला दट्ट्या शिखरावर आणावा लागतो. खीळ खरोखर अडकली आहे की नाही, हे हाताने पाहावे लागते. कारण ती सुटी असेल तर चक्रावरील खूण जुळूनही कॅमशाफ्ट भलत्याच कोनात राहते. साखळीच्या रंगीत कड्या चक्रांवरील खुणांशी जुळवाव्या लागतात. चक्राचा बोल्ट आवळताना कॅमशाफ्ट पान्याने धरावे लागते. अन्यथा सारा जोर त्या नाजूक खिळीवर येतो. शेवटी इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून चक्रांवरील खुणा पुन्हा तपासावयाच्या. रंगीत कड्या त्या वेळी जुळत नाहीत, आणि त्यात चूक काहीच नसते. क्रँकच्या चक्राला वीस दाते असतील तर एका दात्याची चूक अठरा अंशांची होते. काही इंजिनांत चूक याहून मोठी झाली तर दट्ट्या उघड्या झडपेवर आदळतो आणि झडप वाकते. मग मालकाची मोटार महिनाभर उभी राहते आणि मेस्त्रीचा आयुष्यभर जपलेला लौकिक एका दिवसात जातो.

या तीन शतकांच्या इतिहासात निर्णय मुलाच्या हातून दोरीकडे, दोरीकडून चालकाच्या दांड्याकडे, दांड्याकडून संगणकाकडे गेला. तथापि बदलत्या वेळेला मोजण्यासाठी एक न बदलणारी खूण लागतेच, आणि ती खूण लावणारा हात अद्याप माणसाचाच आहे. म्हणून यंत्रे जितकी चतुर होत जातील, तितके ती उघडून पुन्हा जुळविणाऱ्या कारागिराचे शिक्षण अधिक काळजीने झाले पाहिजे. सिविक सेंटरसारख्या बाजारात मोटार लावून निश्चिंत मनाने खरेदीस जाणाऱ्या माणसाची निश्चिंती शेवटी त्याच शिक्षणावर उभी असते.