वठलेल्या खोडांतील गुरु

श्रीदत्तात्रेयांनीं चोवीस गुरु केले. पृथ्वी, वायु, मधमाशी, कोळी अशा त्या मालिकेंत लांकूड पोखरणाऱ्या अळीचें नांव नाहीं. विसाव्या शतकांत अमेरिकेंतील एका लांकूडतोड्यानें मात्र तिलाच गुरु केलें, आणि तिच्यापासून घेतलेल्या विद्येनें देशोदेशींच्या अरण्यांतील कामाची रीत पालटून गेली. ती हकीकत मोठी उद्बोधक आहे.

साखळीची करवत मूळची अरण्यांतली नव्हे. तिचा जन्म शस्त्रवैद्याच्या घरीं झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉन एटकिन आणि जेम्स जेफ्रे या स्कॉटिश वैद्यांनीं हाड कापण्यासाठीं दांतेरी साखळी योजिली. दोन टोकांस मुठी बसवून ती हातानें पुढें-मागें ओढावयाची. पुढें १८३० च्या सुमारास जर्मनींत बर्नहार्ड हाइने यानें एका पट्टीभोवतीं फिरणारी साखळी करून ती दांड्यानें फिरविण्याची सोय केली. हाडावरून ही कल्पना लांकडावर येण्यास आणखी बराच काळ जावा लागला. १९२६ सालीं आंद्रेआस श्टील यानें विजेवर चालणारी साखळीची करवत सिद्ध केली. १९२७ सालीं एमिल लेर्प यानें थुरिंजियांतील डोलमार नांवाच्या डोंगरावर पेट्रोलवर चालणाऱ्या करवतीचा प्रयोग करून दाखविला.

या आरंभींच्या यंत्रांस दोन माणसें लागत. परंतु त्यांचा खरा दोष वजनाचा नसून दांतांचा होता. दांत जुन्या हातकरवतीसारखे ताठ असल्यामुळें ते लांकूड कापण्यापेक्षां ओरबाडीतच अधिक. ते लवकर बोथट होत, आणि कानस लावीत बसण्यांत मजुराचा मोठा वेळ खर्ची पडे. इंजिनाचें बळ वाढलें, तरी हा दोष तसाच राहिला.

१९४६ सालीं ओरेगॉन संस्थानांत जोसेफ बुफर्ड कॉक्स हा सरपण फोडीत असतां त्याची दृष्टि एका बुंध्यांतील भुंगेऱ्याच्या अळीवर खिळली. माणसाच्या बोटाएवढी ती अळी टणक लांकडांतून उभी-आडवी, मनास येईल त्या दिशेनें, वाट काढीत होती. कॉक्सनें तिचे जबडे निरखून पाहिले. ते ताठ नव्हते, बांकदार होते; ती एकदां डावीकडे व एकदां उजवीकडे असे लचके घेत पुढें सरके. त्याच नमुन्यावर त्यानें पोलादी साखळींत डावे-उजवे बांकदार दांत एकाआड एक बसविले. १९४७ सालीं ही साखळी विक्रीस आली. आजच्या साखळ्यांतही मुख्यतः हेंच तत्त्व वावरत आहे.

१९५० च्या सुमारास एकट्या माणसास पेलेल अशी करवत मिळूं लागली, तेव्हां दोघांचें घटकान्‌घटका चालणारें काम कांहीं क्षणांवर आलें. अमेरिकेंतील सरकारी अरण्यांत घरगुती सरपणासाठीं मिळणारा परवाना सामान्यतः मेलेल्या झाडांपुरताच असतो. मेलेलें झाड निरुपद्रवी, असें पाहणारास वाटतें. पण जिवंत झाडापेक्षां तेंच अधिक दगा देतें. आंतून कुजलेलें खोड कोणीकडे कलेल याचा भरंवसा नसतो, आणि यंत्राच्या हादऱ्यानें वरची वाळकी फांदी निसटून माथ्यावर येते. तेथील लांकूडतोडे अशा फांदीस ‘विधवा करणारी’ म्हणतात. या एका शब्दांत किती संसारांचें दुःख सांठलें आहे!

झाड मेलें म्हणून तें निरुपयोगी झालें, हाही समज खरा नव्हे. कॉक्सला विद्या देणारी अळी अशाच लांकडांत वर्षानुवर्षें वाढते. तिच्यासाठीं सुतारपक्षी खोड टोंचतो; त्यानें कोरलेल्या ढोलींत पुढें लहान घुबडें संसार थाटतात; आणि अखेर आडवें झालेलें खोड कुजून नव्या रोपांस माती होतें. म्हणूनच ओरेगॉनच्या अरण्यांत कांहीं वठलेल्या झाडांवर तीं तोडूं नयेत असे फलक लावलेले असतात.

माणसास चूल पेटवावयाची आहे, आणि त्यासाठीं वाळकें लांकूड तोडणें हें जिवंत झाड पाडण्यापेक्षां केव्हांही बरें. परंतु ज्या खोडांत ही विद्या सांपडली, तसलें प्रत्येक खोड त्याच विद्येनें नाहींसें करणें म्हणजे गुरूचें घर मोडणें होय. सरपण नेतांना चार वठलेलीं झाडें उभीं ठेवणें, एवढीच या गुरूची दक्षिणा आहे; आणि ती फार महाग नाहीं.