एस्प्लनेडचा मनोरा आणि खापरपणजोबांचं नाव

कोलकात्यात पोस्टिंग झालेल्या फौजीला एस्प्लनेड चुकत नाही. धर्मतल्ल्याच्या बसेस इथेच, ट्रामचा डेपो इथेच, १९८४ साली देशातली पहिली मेट्रो धावली तीही इथूनच. या सगळ्या गर्दीच्या वर मैदानाच्या कडेला ४८ मीटर उंचीचा एक मनोरा उभा आहे. १९६९ पासून त्याला शहीद मिनार म्हणतात. त्याआधीचं नाव ऑक्टरलोनी मॉन्युमेंट.

सर डेव्हिड ऑक्टरलोनी हा कंपनी सरकारचा सेनापती. त्याच्या स्मरणार्थ १८२८ मध्ये हा मनोरा बांधला. नेपाळच्या युद्धातला विजेता म्हणून लोक त्याला ओळखतात. पण मनोऱ्यामागे आणखी एक लढाई आहे आणि ती आपल्याशी संबंधित आहे. ऑक्टोबर १८०४ मध्ये यशवंतराव होळकरांच्या फौजेने दिल्लीला वेढा घातला, तेव्हा शहर राखणाऱ्यांमध्ये ऑक्टरलोनी होता. वेढा उठला, दिल्ली कंपनीकडे राहिली. म्हणजे एस्प्लनेडला आपण ज्या मनोऱ्याखाली बसची वाट पाहतो, त्याच्या पायात मराठी फौजेची एक हुकलेली मोहीम आहे.

हे वाचल्यावर मला घरची गोष्ट आठवली. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात की आमचे खापरपणजोबा होळकरांच्या घोडदळात होते, दिल्लीपर्यंत जाऊन आले, पुढे 'सरकारी पलटणीत' लागले आणि पेन्शनीवर गावी परतले. ही गोष्ट नीट सांगू शकणारी आता दोनच माणसं उरली आहेत, आणि दोघंही ऐंशीच्या पुढची. ती गेली की गोष्टही गेली. म्हणून ठरवलं की ती तपासून लिहून ठेवायची.

पहिली तपासणी पाटीवरच होते. एका पिढीला साधारण २५ ते ३० वर्षं धरा. वडील, आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा अशा चार पायऱ्या मागे गेलो की माझे खापरपणजोबा १८७० च्या आसपास जन्मलेले निघतात. १८०४ साली घोड्यावर बसलेला माणूस त्यांचाही आजा किंवा पणजा असणार. उलट गोष्टीचा दुसरा भाग खापरपणजोबांना बरोबर बसतो. १८९० च्या सुमाराला साताऱ्याचा जवान भरती झाला तर तो मुंबई फौजेतच जाणार. बंगाल, मद्रास आणि मुंबई या इलाख्यांच्या तीन फौजा तेव्हा वेगळ्या होत्या; त्या १८९५ मध्ये एक झाल्या. घरच्या गोष्टीने दोन माणसांचा एक माणूस केला होता. त्यामुळे गोष्ट खोटी ठरत नाही. सांगणाऱ्याला दोघांचाही अभिमान होता, आणि सांगता सांगता मधल्या पिढ्या गळून गेल्या.

आता नाव शोधायचं. पहिला विचार येतो खानेसुमारीचा. आपल्याकडे पहिली खानेसुमारी १८७२ ची. सगळ्या देशात एकाच वेळी झालेली पहिली मोजणी १७ फेब्रुवारी १८८१ ची. खापरपणजोबा तेव्हा लहान मूल असणार आणि कुणीतरी दारात येऊन त्यांना मोजलंही असणार. कोलकात्याच्या खानेसुमारीवर तर चांगले ग्रंथ आहेत. १९०१ च्या मोजणीच्या निमित्ताने ए. के. रे यांनी या शहराचा इतिहासच लिहिला आणि तो खानेसुमारीच्या अहवालाचा भाग म्हणून छापला गेला. असे अहवाल ज्या राष्ट्रीय ग्रंथालयात मिळतात, ते अलिपूरच्या बेल्व्हेडेरला जाण्याआधी एस्प्लनेडलाच होतं.

पण या अहवालांत आपला माणूस सापडत नाही. धर्म, जात, भाषा, धंदा, जन्माचा प्रांत या सगळ्याचे तक्ते आहेत, नावं नाहीत. घरोघरी भरलेले कागद तक्ते तयार करण्यापुरते वापरले गेले. पुढच्या पिढ्यांसाठी ते जपले नाहीत. इंग्लंडमध्ये १८४१ पासूनच्या खानेसुमारीत माणसांची नावं मिळतात. तिथे हे कागद १०० वर्षांनी खुले होतात. १९२१ चे २०२२ मध्ये झाले. त्यामुळे मैदानावर कवायत करून गेलेल्या एखाद्या गोऱ्या शिपायाचा खापरपणतू घरबसल्या त्याचं घर, गल्ली आणि भावंडं शोधू शकतो. त्याच मैदानावर उभ्या राहिलेल्या हिंदी शिपायाच्या घरच्यांना आकडाच मिळतो. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या जनगणना कायद्यानेही भरलेले कागद गुप्तच ठेवले आहेत, आणि त्याला कारण आहे: माणसाने न घाबरता खरं सांगावं.

आकडा आहे आणि नाव नाही, हे फौजींना नवीन नाही. पहिल्या महायुद्धानंतर इंग्रज सरकारने आपल्या खेड्यापाड्यांत संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यातले इतके कामी आले, एवढंच त्यांवर लिहिलेलं असतं. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसं गमावली. बसऱ्याच्या स्मारकावरही हिंदी अधिकाऱ्यांची नावं होती आणि जवानांची संख्या होती.

मग नाव कुठे मिळतं? जिथे कुणाचं तरी देणं-घेणं होतं, तिथे. हे सूत्र मला या शोधात पदोपदी खरं वाटलं. सरकारला सारा हवा होता, म्हणून जमिनीच्या कागदात नाव आलं. १८३० च्या दशकात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापुरात मोजणीची जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाखाभर गेली. शेताला नंबर पडला आणि नंबरापुढे खातेदाराचं नाव लागलं. इनामं तपासण्यासाठी १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन काम करू लागलं, तेव्हा इनामदारांना कैफियती आणि वंशावळी लिहून द्याव्या लागल्या. त्यांतल्या बऱ्याच आज पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. तीर्थाच्या उपाध्यायाला दक्षिणा हवी होती, म्हणून नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या वह्यांत गावानुसार आणि आडनावानुसार घराणी लिहिली गेली. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी दरसाल येऊन वंश वाचून दाखवतात आणि धान्य घेऊन जातात.

२०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने हेच अनुभवलं. खासरापत्रक, पाहणीपत्रक, कोतवाल बुक, गाव नमुना १४, शाळेचं जनरल रजिस्टर असे शब्द घराघरांत पोहोचले. मोडी वाचणाऱ्याला एकाएकी भाव आला. कित्येक घरांनी पणजोबांच्या वडिलांचं नाव पहिल्यांदा त्या निमित्ताने वाचलं. त्या शोधाच्या राजकारणावर मी इथे बोलणार नाही. पण हक्क आला की पूर्वज सापडतो, ही गोष्ट मात्र खरी.

फौजेतही हेच दिसतं. भीमा कोरेगावचा स्तंभ एस्प्लनेडच्या मनोऱ्याच्याच काळातला. त्याचा पाया १८२१ चा. एस्प्लनेडचा मनोरा सेनापतीच्या नावाचा, कोरेगावच्या स्तंभावर मात्र शिपायांची नावं कोरली आहेत. १ जानेवारी १८१८ च्या लढाईत कंपनीकडून पडलेल्यांची ४९ नावं तिथे आहेत आणि त्यांतल्या २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे. आडनाव नाही, जातीचा रकाना नाही; तरी त्या एका शेपटावरून ते महार समाजाचे शिपाई होते हे कळतं. पुढे १८९० च्या दशकात महारांची भरती बंद झाली, तेव्हा निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकरांनी आणि नंतर १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारला अर्ज केले, ते वाडवडिलांच्या याच नोकरीच्या आधारावर. त्यांच्यासाठी पूर्वजाचं नाव म्हणजे भाकरीचा आणि मानाचा दाखला होता.

इथे एक अवघड प्रश्नही उभा राहतो. १८०४ ला दिल्लीबाहेर होळकरांकडून लढणारा आणि १८१८ ला कोरेगावात कंपनीकडून लढणारा, दोघंही मराठी मुलखातले असू शकतात, एकाच तालुक्यातलेही. घरची गोष्ट सांगताना आपण आजच्या निशाणाखालून मागे पाहतो आणि पूर्वजाला आपल्याला सोयीच्या बाजूला उभं करतो. शिपाई ज्याचं मीठ खातो त्याच्यासाठी लढतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. त्याचं नाव ज्या यादीत सापडेल, त्या यादीसकट त्याला आपला म्हणावं.

आमच्या शोधाचं म्हणाल तर खापरपणजोबा सापडले ते शेताच्या कागदात. मोडीतली एकच ओळ: त्यांचं नाव, मग 'बिन', मग त्यांच्या वडिलांचं नाव. त्या 'बिन'ने आम्हाला आणखी एक पिढी दिली. नावं इथे लिहीत नाही, ती घरची आहेत. त्याआधीचा घोडेस्वार मात्र गोष्टीतच राहिला. तो बारगीर असेल तर त्याचा घोडा दुसऱ्याचा, पगार पथकाच्या प्रमुखाच्या हातून आणि हिशेबही त्याच प्रमुखाच्या नावावर. ज्याच्या नावावर घोडासुद्धा नव्हता, त्याचं नाव कागदावर कुठून येणार? आणि बंगालमध्ये 'बर्गी' हा शब्द आजही लहान मुलांना झोपवताना निघतो. म्हणजे आपल्या बारगिराची आठवण इथल्या घरांतही टिकली, पण भीती म्हणून. कोलकात्यात राहून ही बाजूही ऐकून घ्यावी लागते.

'बिन'च्या त्या ओळीत बाईला जागा नाही. खापरपणजींचं नाव कुठल्याच कागदात मिळालं नाही. ते मिळालं आमच्या वयोवृद्ध आत्याकडून. तिने ते तिच्या आजीच्या तोंडून ऐकलं होतं. सारा, पगार, वतन यांतलं काहीच जिच्या नावावर नव्हतं, ती फक्त बायकांच्या बोलण्यात जिवंत राहिली.

आता २०२७ ची जनगणना येते आहे. १९३१ नंतर प्रथमच सगळ्या जातींची मोजणी तिच्यात होणार आहे. तिच्या तक्त्यांतून देश कळेल, पण आपल्या नातवंडांना आपलं नाव तिथे मिळणार नाही. म्हणून पुढच्या रजेत घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. गोष्ट जशीच्या तशी लिहून घ्या, दुरुस्त करू नका. मग पिढ्यांची वर्षं मोजा, तलाठ्याकडे जुने कागद मागा, मोडी वाचणारा गाठा. आणि बायकांची नावं पहिल्यांदा विचारा. पुरुषांची नावं कागद सांगतील. त्यांची नावं सांगणारं माणूस आज आहे, उद्याचा भरवसा नाही.

जय हिंद.