बोलण्यास विलंब : वाट पाहण्याआधी तपासणी हवी

मूल दोन वर्षांचे झाले तरी बोलत नाही, अशी काळजी व्यक्त करणाऱ्या पालकांना घरातून आणि शेजारातून बहुधा एकच सल्ला मिळतो : 'थांबा, बोलेल आपोआप.' मुलगे उशिराच बोलतात, त्याचे वडीलही चौथ्या वर्षी बोलू लागले होते, असे दाखलेही दिले जातात. उशिरा बोलणारी काही मुले पुढे खरोखरच बरोबरी गाठतात. मात्र कोणते मूल आपोआप बोलू लागेल आणि कोणाला मदत लागेल, हे घरबसल्या ओळखता येत नाही. त्यासाठी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आणि ती वेळेवर करून घेणे, हाच मार्ग आहे.

लक्ष कशाकडे द्यावे?

साधारणतः वर्षाच्या सुमारास मूल पहिला अर्थपूर्ण शब्द उच्चारते. दीड वर्षापर्यंत काही मोजके शब्द येतात, तर दोन वर्षांच्या सुमारास 'आई ये', 'पाणी दे' अशी दोन शब्दांची जोडणी सुरू होते. हे टप्पे थोडेफार मागेपुढे होऊ शकतात. तथापि, वर्ष उलटूनही मूल बोटाने वस्तू दाखवत नसेल, टाटा करत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून पाहत नसेल किंवा दोन वर्षांचे होऊनही शब्द जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे. येत असलेले शब्द मूल विसरू लागले, तर कोणत्याही वयात विलंब करू नये.

शब्दांच्या संख्येइतकीच समज महत्त्वाची असते. 'चेंडू आण' म्हटल्यावर चेंडू आणणारे, खुणांनी आपले म्हणणे सांगणारे मूल आणि सांगितलेले न समजणारे मूल, या दोघांची स्थिती सारखी नसते.

आधी श्रवणचाचणी

बोलणे ऐकण्यातून येते. त्यामुळे पहिली पायरी श्रवणचाचणीची. कुकरच्या शिट्टीला मूल दचकते, म्हणजे त्याला नीट ऐकू येते, असा समज चुकीचा आहे. मोठे आवाज ऐकू येऊनही 'स', 'श' यांसारखे सूक्ष्म ध्वनी निसटू शकतात. वारंवार होणाऱ्या सर्दीमुळे कानाच्या पडद्यामागे द्रव साचल्यासही ऐकणे मंदावते. 'ओएई' आणि 'बेरा' या चाचण्यांत मुलाने उत्तर देण्याची गरज नसते; 'बेरा' तर मूल झोपेत असताना केली जाते. श्रवणदोषाबरोबरच स्वमग्नता किंवा एकूण विकासातील विलंब ही कारणेही तपासली जातात.

उपचार म्हणजे काय?

वाचा-उपचार म्हणजे जिभेचे व्यायाम, अशी अनेकांची कल्पना असते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र तो प्रामुख्याने खेळातून चालतो. आठवड्यातील एक-दोन सत्रांपेक्षा घरातील उरलेला वेळ कितीतरी मोठा असल्याने पालकांचे प्रशिक्षण हा त्याचा गाभा ठरतो. मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसून बोलणे, जे चालले आहे त्याला शब्द देणे, उत्तरासाठी काही क्षण थांबणे आणि मूल 'गाडी' म्हणाले की 'लाल गाडी' असा एक शब्द जोडणे, ही त्याची साधी सूत्रे होत. 'म्हण ना, पाणी म्हण' असा लकडा लावल्याने मूल गप्पच बसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यासमोर बसवू नये आणि दोन वर्षांच्या मुलासाठी ही मर्यादा दिवसाला एक तासाची, शक्यतो त्याहूनही कमी असावी. पडदा मुलाच्या उत्तराची वाट पाहत नाही. संवाद मात्र देवाणघेवाणीतूनच शिकला जातो.

गैरसमज टाळा

दोन भाषा कानावर पडल्याने मूल बोलत नाही, हा समज निराधार आहे. इंग्रजी शाळेच्या धास्तीने घरातील मराठी बंद करू नये. आई-वडील ज्या भाषेत सहज आणि भरभरून बोलतात, तीच मुलाला अधिक देते. जीभ चिकटलेली असल्यास काही उच्चारांत अडचण येऊ शकते; पण शब्द मुळीच न येण्याचे ते कारण नव्हे. वेखंड उगाळून जिभेला लावल्याने वाचा फुटत नाही, आणि एक वर्षाखालील बाळाला मध चाटवणे तर धोक्याचे आहे.

मदत कोठे मिळेल?

मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण संस्था या क्षेत्रातील प्रमुख केंद्र आहे. २०१३ पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासातील विलंबाचीही तपासणी केली जाते आणि गरजू मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. खासगी उपचारतज्ज्ञ निवडताना भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी पाहून घ्यावी.

भाषा आत्मसात करण्याची मेंदूची क्षमता पहिल्या काही वर्षांत सर्वाधिक असते. तपासणीत सारे ठीक निघाले, तर पालकांचा एखादा दिवस खर्ची पडतो इतकेच. दोष असूनही वाट पाहिली, तर मुलाची हीच मोलाची वर्षे हातची जातात.