मांजर बॉक्सबाहेर लघवी का करतं आणि ते कसं थांबवायचं

मांजराने तोंड घातलं म्हणून वुजूचं पाणी नापाक होत नाही, हे आपल्याकडे लहान मुलांनाही माहीत असतं. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी भांडं तिरपं करून मांजराला पाणी पिऊ दिलं, ती हदीस मकतबमध्येच कानावर पडलेली असते. लघवीचा मसला मात्र वेगळा. ती नापाक आहे, कपड्याला लागली तर धुवावीच लागते. एकदा का मांजराने जानमाजवर, गादीवर किंवा दिवाणावर बसायला सुरुवात केली की घरातल्या बायकांचा जीव मेटाकुटीला येतो. आठवडाभर धुणं-पुसणं चालतं, मग कुणीतरी म्हणतं, "सोडून या हिला कुठेतरी." पिशवीत घालून मांजर मच्छी बाजारात नाहीतर दर्ग्याच्या आवारात सोडलं जातं. घरात वाढलेलं मांजर तिथे फार दिवस टिकत नाही. पाळलेलं जनावर उपासमार होईल अशा ठिकाणी सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे, पण हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

ही पाळी टाळता येते. त्यासाठी आधी एक समज डोक्यातून काढायला हवा, तो म्हणजे मांजर राग काढतं, सूड घेतं. "मी ओरडले म्हणून मुद्दाम माझ्या उशीवर केलं," असं आम्ही अनेक घरांत ऐकतो. मांजर असा हिशेब ठेवत नाही. ते बॉक्स सोडतं तेव्हा कारण बहुधा तीनपैकी एक असतं: अंगात काही दुखतंय, बॉक्स पसंत नाही, किंवा घरात असं काही घडतंय ज्याने ते घाबरलंय. यातलं पहिलं कारण आधी तपासायचं, कारण तिथे जीव जाऊ शकतो.

मूत्राशयाला सूज आली, खडे झाले किंवा जंतुसंसर्ग झाला की लघवी करताना आग होते. मांजर ती आग बॉक्सशी जोडतं. इथे बसलं की दुखतं, म्हणून ते दुसरीकडे जातं, मऊ गादीवर किंवा थंड फरशीवर. पुन्हा पुन्हा बसणं, दोन थेंब होणं, ओरडणं, खालची जागा सतत चाटणं, लघवीत गुलाबी झाक दिसणं, यातलं काहीही दिसलं तर शिस्तीचा विषय बाजूला ठेवून जनावरांच्या डॉक्टरकडे जायचं. तरुण आणि मध्यम वयाच्या मांजरांत बऱ्याचदा खडाही सापडत नाही आणि जंतूही सापडत नाहीत, नुसती सूज असते. ती ताणाने वाढते, काही दिवसांत उतरते आणि पुन्हा उलटते. अशा मांजराच्या पोटात पाणी जास्त जाईल हे बघणं हा मोठा उपाय आहे. नुसत्या कोरड्या दाण्यांवर ठेवलेलं मांजर पाणी कमी पितं. दाणे पाण्यात भिजवून द्या, उकडलेल्या चिकनचं बिनमिठाचं, बिनकांद्याचं पाणी द्या, पाण्याच्या वाट्या दोन-तीन जागी ठेवा.

बोक्याची गोष्ट आणखी गंभीर. बोक्याचा मूत्रमार्ग फार अरुंद असतो. त्यात बारीक खड्यांचा किंवा चिकट स्रावाचा बुच बसला की लघवी पूर्ण अडते. बोका बॉक्समध्ये बसून जोर लावतो, काहीच बाहेर येत नाही. घरच्यांना वाटतं पोट साफ होत नाही, मग कुणी एरंडेल पाजतं, कुणी दूध-तूप. यात वेळ जातो. लघवी अडली की रक्तात पोटॅशियम वाढत जातं आणि हृदय बंद पडू शकतं. उपचार झाले नाहीत तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. तो जोर लावतोय आणि लघवीचा थेंब नाही, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. नळी घालून लघवी मोकळी करणं हे डॉक्टरचंच काम आहे. घरातली माणसांची गोळी तर अजिबात देऊ नका. पॅरासिटामॉल म्हणजे आपली रोजची क्रोसिन मांजरासाठी जहर आहे.

मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल जुन्या लोकांना माहीतच आहे. परळ, शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर, अकोला इथे पशुवैद्यकीय शिक्षणाच्या संस्था आहेत, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असतं. तालुक्याच्या दवाखान्याला गायी-म्हशी-शेळ्यांची सवय जास्त. तिथे मांजराला नळी घालतात का, हे निघण्यापूर्वी फोन करून विचारलेलं बरं.

म्हाताऱ्या मांजराचं पुन्हा वेगळं. दहा-बारा वर्षांनंतर किडनी थकते, कुणाला साखर होते. पाणी जास्त पितं, लघवी जास्त होते, बॉक्स लवकर भरतो. सांधे दुखत असतील तर उंच काठ ओलांडवत नाही, आणि मांजर काठाच्या अलीकडेच बसतं. त्याला बेशिस्त म्हणण्यात अर्थ नाही.

तब्येत ठीक निघाली तर मग बॉक्सकडे बघा. आमच्या अनुभवात निम्म्याहून जास्त भांडण इथेच मिटतं.

पाळीव मांजराचे पूर्वज पश्चिम आशियातल्या कोरड्या मुलखातले. मऊ, सुकी, बारीक माती उकरायची, काम झालं की झाकायचं आणि निघून जायचं, ही सवय रक्तातच आहे. पिल्लाला ती शिकवावी लागत नाही. आपण त्याला काय देतो? बाजारातला छोटा ट्रे, ज्यात पिल्लू मावतं पण मोठं मांजर वळूही शकत नाही. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराची जितकी लांबी, त्याच्या दीडपट बॉक्स हवा. मोठ्या मांजरासाठी हे साधारण अडीच फुटांच्या आसपास जातं. एवढा ट्रे महाग पडतो, म्हणून भांडीवाल्याकडून प्लास्टिकचा मोठा चौकोनी टब किंवा कपडे ठेवायचा डबा घ्या आणि एका बाजूने काठ कापून चार-पाच इंचांवर आणा. कापलेली कड घासून गुळगुळीत करा. झाकणवाले बॉक्स माणसाला बरे दिसतात, पण आत वास कोंडतो आणि दुसरं मांजर दारात दबा धरून बसलं तर आतल्याला पळायला वाट राहत नाही.

जागेचा प्रश्न आपल्या वस्त्यांत जास्त. मुंब्रा, भिवंडी, मालेगाव, कुठेही जा, वन रूम किचनमध्ये सहा-सात माणसं, मग बॉक्स जातो न्हाणीघरात. दिवसभर कुणी ना कुणी आत, दाराला कडी, बॉक्सवर पाण्याचे शिंतोडे, रात्री उंदीर येऊ नये म्हणून दार बंद. मांजराने काय करावं? वॉशिंग मशीनच्या शेजारीही ठेवू नका. एकदा मशीन गरगरायला लागताना मांजर बॉक्समध्ये सापडलं की ते परत तिकडे फिरकत नाही. कोपरा शांत हवा, रात्रंदिवस उघडा हवा आणि खाण्याच्या वाटीपासून लांब हवा. पलंगाखालची जागा, गॅलरीचा कोरडा कोपरा, कपाटामागची फट, काही ना काही निघतं. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, हा डॉक्टरांचा ठोकताळा आहे. दोन बॉक्स शेजारी ठेवले तर मांजराच्या लेखी ती एकच जागा, म्हणून ते वेगवेगळ्या कोपऱ्यांत हवेत.

आत काय भरायचं? बहुतेक मांजरांना बारीक दाण्याचं, बिनवासाचं, ओलं झाल्यावर गोळा होणारं लिटर आवडतं. ते बेंटोनाईट मातीचं असतं, आणि ही माती आपल्याकडे कच्छमध्ये भरपूर निघते. लॅव्हेंडर-गुलाबाच्या वासाचं लिटर आपल्या नाकासाठी बनवलेलं आहे, मांजराच्या नाही. बॉक्सजवळ अगरबत्ती, लोबान, अत्तरही नको. पैशांची अडचण असेल तर चाळलेली, धुवून कडक उन्हात वाळवलेली रेती चालते. तिचा गोळा होत नाही, त्यामुळे ती वरचेवर पूर्ण बदलावी लागते, आणि पावसाळ्यात ती दमट राहते तेव्हा मांजर नाक मुरडतं. सुताराकडचा भुसा काही मांजरांना चालतो. मात्र पॉलिश किंवा रसायन लावलेल्या लाकडाचा नको. रद्दी फाडून घालणारे पुष्कळ आहेत, पण उर्दू पेपरात आयती, हदीसा आणि अल्लाहचं नाव असतं, तेव्हा ती रद्दी या कामाला वापरू नये हे सांगायला नकोच. जाडी दोन-तीन इंच ठेवा. दिवसातून दोनदा गोळे काढा. बॉक्स साध्या साबणाने धुवून पूर्ण वाळवा. नवं लिटर आणायचं असेल तर एकदम बदलू नका. जुन्याचा बॉक्स तसाच ठेवून नव्याचा दुसरा बॉक्स मांडा, ते कुठे जातं ते बघा. निवड मांजरालाच करू द्या.

आता भिंतीवर, पडद्यावर, कपाटाच्या दारावर उभ्याने पिचकारी मारणं. हा प्रकारच निराळा. मांजर बसत नाही, उभं राहतं, शेपूट ताठ करून थरथरवतं आणि मागे थोडीशी फवारणी करतं. ही लघवीची गरज नाही, हद्दीची निशाणी आहे. बहुतेक वेळा न कापलेला बोका असतो, पण माजावर आलेली मांजरीही करते. बॉक्स कितीही चांगला ठेवा, फरक पडत नाही. खच्ची केल्यावर दहापैकी जवळपास नऊ बोक्यांचं हे थांबतं किंवा खूप कमी होतं. सवय जुनी व्हायच्या आत केलं तर जास्त चांगलं. हे जायज आहे का, असं अनेक घरांतून विचारलं जातं. हनफी फिकहच्या फतावा आलमगिरीत फायद्यासाठी किंवा त्रास टाळण्यासाठी मांजराला खस्सी करण्यात हरकत नसल्याचं म्हटलं आहे. कोकणातले आपले बांधव शाफई मसलकचे, त्यांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

खच्ची केलेलं, धडधाकट मांजरही कधी कधी बिघडतं, तेव्हा घरात काय बदललं ते आठवा. नवं बाळ, रंगकाम, लग्नाचे पाहुणे, खिडकीबाहेर रोज येऊन बसणारा परका बोका. बकरी ईदच्या आधी आठवडाभर गॅलरीत बकरा बांधतात आणि बॉक्सही त्याच गॅलरीत असतो. मांजर तिकडे जाणार कसं? बकरा आणण्याच्या आठ-दहा दिवस आधीच बॉक्स आतल्या कोपऱ्यात मांडून ठेवा. रमजानमध्ये रात्री दिवे, वर्दळ, भांड्यांचा आवाज, झोपेच्या वेळा उलट्या. मांजराला या दिवसांत एक उंच, शांत जागा लागते, कपाटावर जुनी चादर घालून दिली तरी पुरते. खिडकीतल्या बोक्यासाठी काचेच्या खालच्या भागावर कागद चिकटवा.

डाग साफ करण्यात मोठी गफलत होते, ती नीट समजून घ्या. कपडा पाक होणं आणि कपड्याचा वास मांजरासाठी जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीनदा धुवून पिळलेलं जानमाज नमाजसाठी पाक आहे, पण मांजराच्या नाकाला त्यात अजून "इथेच बसायचं" असा वास येऊ शकतो. लघवीतलं युरिक ॲसिड पाण्यात सहज विरघळत नाही, आणि दमट हवेत वास परत उठतो. पावसाळ्यात जुने डाग वास मारतात ते म्हणूनच. ओलं असताना आधी जुन्या कपड्याने दाबून टिपा, घासू नका. मग थंड पाणी. नंतर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाईमचं क्लीनर भरपूर ओता, कारण लघवी जितकी आत मुरली तितकं आत ते जायला हवं. बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच ठेवून वाळू द्या. सगळ्यात शेवटी पाक करण्यासाठी साध्या पाण्याने धुवा. हा क्रम उलटा करून आधी साबण आणि फिनाईल लावलं तर एन्झाईमचा असर कमी होतो.

फिनाईल आणि डेटॉलबद्दल स्पष्ट बोलायला हवं. दोन्हींतली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराचं यकृत पचवू शकत नाही. ते फरशीवरून चालतं आणि पंजे चाटतं. ब्लिचिंग पावडर लघवीवर टाकली तर अमोनियाशी मिळून विषारी वायू तयार होतो, कोंदट न्हाणीघरात तो माणसालाही बाधतो. डाग नेमका कुठे आहे ते सापडत नसेल तर दुकानदार नोटा तपासायला जी जांभळ्या उजेडाची टॉर्च वापरतात ती आणा आणि अंधारात फिरवा. लघवीचे डाग चमकतात. सोफ्याच्या मागे काय काय निघतं ते बघून घरचे चकित होतात.

नाक डागावर घासणं, चापट मारणं, कोंडून ठेवून उपाशी मारणं, हे सगळं बंद. मारलं की मांजर एवढंच शिकतं की या माणसासमोर लघवी करायची नाही. मग ते पलंगाखाली करतं. मांजर कोंडून मारणाऱ्या बाईची हदीस आपण मुलांना सांगतो, तीच मुलं घरात हे बघतात.

सवय परत लावायची तर मांजराला काही दिवस एका छोट्या खोलीत ठेवा, बॉक्स, पाणी, खाणं आणि अंथरूण यांसह. घरचे येत-जात राहिले पाहिजेत, ही शिक्षा नव्हे. आठवडा-दोन आठवडे तिथे सलग बॉक्सच वापरला तर हळूहळू बाकी घर मोकळं करा. जिथे आधी लघवी केली तिथे, साफ झाल्यावर, त्याची खाण्याची वाटी मांडा, कारण मांजर जेवतं तिथे सहसा लघवी करत नाही. जानमाज वापर झाला की घडी करून कपाटात ठेवत जा.

घरात कुणी बाई पोटुशी असेल तर बॉक्स दुसऱ्याने साफ करावा. मांजराच्या शीतून टॉक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी येऊ शकतो, आणि तो बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो, त्यामुळे रोजची सफाई हाच त्यावरचा बचाव. दुसरं कुणीच नसेल तर हातमोजे घालून करावी आणि नंतर हात साबणाने धुवावेत.