माल्कम, सातभाई आणि दोनशे वर्षांचा नावांचा घोळ

जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने ज्याच्यापुढे शरणागती पत्करली, त्या सर जॉन माल्कमचे नाव इतिहासाच्या प्रत्येक वाचकास ठाऊक असते. पुढे तो मुंबईचा गव्हर्नर झाला आणि महाबळेश्वरच्या माल्कम पेठेत त्याचे नाव उरले. पण त्याचे आणखी एक स्मारक महाराष्ट्राच्या माळरानावर रोज कलकलाट करीत उड्या मारत असते. दख्खनच्या माळावर, बाभळींच्या आसपास दिसणारा करड्या रंगाचा, लांब शेपटीचा मोठा सातभाई. त्याचे शास्त्रीय नाव आर्ग्या माल्कमी. आजचा धागा या नावाच्या प्रवासाविषयी आहे, आणि त्या निमित्ताने आशियातील गाणाऱ्या पक्ष्यांच्या एका अवाढव्य कुळाविषयी.

हे नाव देणारा विल्यम हेन्री साइक्स हाही मराठी इतिहासातलाच माणूस. खडकीच्या लढाईत तो कंपनीच्या बाजूने लढला. १८२४ मध्ये मुंबई सरकारने त्याला दख्खनची सांख्यिकी माहिती जमवण्याच्या कामावर नेमले. पिके, लोकसंख्या, पाऊस यांच्या नोंदी करता करता त्याने पक्षीही जमवले. १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेच्या कार्यवृत्तात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची सूची छापून आली. तीत दोन सातभाई होते. एकाला त्याने टिमालिया माल्कमी म्हटले, दुसऱ्याला टिमालिया सोमरविली. हा दुसरा म्हणजे मुंबई-कोकणातल्या रानसातभाईचा तांबूस कमरेचा स्थानिक प्रकार. जिंकलेल्या मुलखाची मोजदाद चालू असताना त्या मुलखातील पाखरांनाही जेत्यांची नावे मिळाली, हे विसरून चालणार नाही.

पण ‘टिमालिया’ हे काय प्रकरण? थॉमस हॉर्सफील्ड या अमेरिकेत जन्मलेल्या वैद्याने १८२१ मध्ये जावा बेटावरील तांबड्या टोपीच्या एका छोट्या गवताळ पक्ष्यासाठी ही प्रजाती निर्माण केली. साइक्सला दख्खनचा पक्षी थोडाफार तसाच वाटला, म्हणून त्याने तो तिथे नेऊन ठेवला. पुढच्या दीडशे वर्षांत जवळजवळ प्रत्येकाने हेच केले. कोठेच न बसणारा आशियाई पक्षी टिमालियाच्या कुळात, म्हणजे टिमालिडीत, ढकलून द्यायचा. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन पक्षितज्ज्ञ एर्न्स्ट हार्टर्टने उपहासाने हेच बोलून दाखवले होते. ज्याची जागा सापडत नाही त्याला लोक या कुळातला समजतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय.

घोळ होण्यास कारणही तसेच होते. या पक्ष्यांचे पंख आखूड व गोलसर, पाय दणकट, पिसारा मऊ व विस्कटलेला. ते लांबच्या स्थलांतराच्या फंदात पडत नाहीत, झुडपांत आणि पाचोळ्यात किडे हुडकत फिरतात. अडचण अशी, की झुडपात राहणाऱ्या कोणत्याही पक्ष्याचे शरीर कालांतराने असेच घडते. म्हणजे जे लक्षण वंशाचे वाटत होते ते पुष्कळदा राहणीचे होते. चोच पाहावी तर कोणाची पोपटासारखी जाड, कोणाची कोयत्यासारखी वाकडी. १८८९ मध्ये यूजीन ओट्सने ब्रिटिश हिंदुस्थानच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत पक्ष्यांचा पहिला खंड लिहिला, तेव्हा या कुळात चक्क बुलबुलही येऊन बसले.

यात हिमालयाचा वाटा फार मोठा. काठमांडूत १८४३ पर्यंत ब्रिटिश रेसिडेंट असलेला ब्रायन हॉजसन तिथून एकामागून एक नवे पक्षी वर्णन करीत होता. राजमान सिंह यांच्यासारखे नेपाळी चित्रकार त्याच्यासाठी पक्ष्यांची अप्रतिम चित्रे काढत. हॉजसनची एक गोष्ट मला फार आवडते. युहिना, मिनला, कुटिया ही प्रजातींची नावे त्याने थेट स्थानिक बोलीतून उचलली. लॅटिनच्या दरबारात नेपाळी शब्द आजही मानाने बसलेले आहेत.

आता थोडे सातभाईंच्या संसाराविषयी, कारण वर्गीकरणापेक्षा तो अधिक रंजक आहे. सात हा आकडा ढोबळ, पण थवा हे सत्य. अँथनी गॅस्टन यांनी १९७० च्या दशकात दिल्ली परिसरातील रानसातभाईंचा अभ्यास केला. थवा वर्षभर आपली हद्द राखतो आणि घरट्यातील पिलांना आईबापांखेरीज थव्यातील इतर पक्षीही भरवतात. थवा जमिनीवर चरत असताना एखादा उंच फांदीवर पहाऱ्याला बसतो. अगदी एकत्र कुटुंब! आणि या कुटुंबाला गंडवणारे दोन पाहुणे मराठी माणसाच्या चांगल्या ओळखीचे आहेत : पावशा आणि चातक. दोघेही सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात आणि अंड्यांचा निळा रंगसुद्धा यजमानाच्या अंड्यांशी जुळलेला असतो. ज्या चातकाच्या एकनिष्ठेचे आपल्या कवींनी शतकानुशतके गोडवे गायिले, त्याची लेकरे सातभाई वाढवतात. सातभाईंच्या वाट्याला मात्र काव्य आले नाही.

मूळ कथेकडे वळू. माल्कमी हा शब्द टिकला, पण त्याच्यापुढील प्रजातीचे नाव बदलत राहिले. जर्डनने १८६० च्या दशकात या पक्ष्याला मालाकोसर्कस म्हटले, ओट्सने आर्ग्या, पुढे विसाव्या शतकात टर्डॉइडीस हे नाव रुळले. १९४६ मध्ये ज्याँ दलाकूर यांनी साऱ्या कुळाची पोटविभागांत मांडणी केली. ती बरीच वर्षे चालली, पण आधार तोच : चोच, पाय, पिसारा.

खरा हादरा डीएनएने दिला. २००३ मध्ये अॅलिस सिब्वा यांनी मायटोकाँड्रियाच्या जनुकांवरून वंशवृक्ष मांडला, तेव्हा युरोपात सुपरिचित असलेले सिल्विया प्रजातीचे वटवट्ये या आशियाई गोतावळ्याच्या आत निघाले. आपला पिटुकला चष्मेवालाही आतच, आणि तोही हॉजसनच्या युहिनांच्या शेजारी! येथे एक कायदेशीर पेच होता. प्राणिनामांच्या नियमांत जुन्या नावाला अग्रहक्क असतो आणि सिल्व्हिडी हे कुलनाम टिमालिडीहून जुने. सारे एकच कुळ मानले असते तर मोजक्या वटवट्यांच्या नावाखाली शेकडो आशियाई पक्षी गेले असते.

उलट काही जण या कुळाचे नव्हतेच. टेरुथियस प्रजातीचे हिमालयी पक्षी अमेरिकेतील व्हिरिओंचे भाऊबंद असल्याचे २००७ मध्ये दिसले. ईशान्य भारतात आढळणारा, पांढऱ्या ठिपक्यांचा इवलासा एलाच्युरा तर इतका एकाकी निघाला, की २०१४ मध्ये त्याच्या एकट्यासाठी स्वतंत्र कुळ करावे लागले. अखेर २०१९ च्या एका व्यापक अभ्यासात या गोतावळ्याची सात कुळे मांडली गेली. सातभाई लायोथ्रिकिडी कुळात गेले. त्याआधीच, २०१८ मध्ये, टर्डॉइडीसची फाळणी होऊन माल्कमी पुन्हा आर्ग्यात परतला होता. म्हणजे ओट्सने १८८९ मध्ये लिहिलेलेच नाव!

‘नावाने काय फरक पडतो?’ असे कोणी विचारील. सुमात्राचे उदाहरण पाहा. तेथील काळ्या-पांढऱ्या लाफिंगथ्रशला हार्टलॉबने १८४४ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नाव दिले होते. पुढे त्याला मुख्य भूमीवरील पांढऱ्या तुऱ्याच्या लाफिंगथ्रशची केवळ उपजाती ठरवण्यात आले. तो मुख्य भूमीवरचा पक्षी हिमालयापासून व्हिएतनामपर्यंत विपुल, म्हणून सुमात्राच्या पक्ष्याची वेगळी चिंता करण्याचे कारण उरले नाही. इकडे पिंजऱ्यातील गाणाऱ्या पक्ष्यांच्या बाजारासाठी त्याची धरपकड चालूच होती. २००६ मध्ये नायजेल कॉलर यांच्या पुनर्मांडणीत तो पुन्हा स्वतंत्र जाती म्हणून पुढे आला, तेव्हा तो कमालीचा विरळ झाला होता. कागदावरच्या एका ओळीने त्याला इतकी वर्षे दडवून ठेवले होते.

त्याच वर्षी अरुणाचलच्या ईगलनेस्ट भागातून याच गोतावळ्यातील एक नवी जाती जगापुढे आली. शोधकर्ते रमणा अत्रेय हे व्यवसायाने खगोलशास्त्रज्ञ, पुढे पुण्याच्या आयसरमध्ये प्राध्यापक. पक्षी इतका दुर्मीळ, की नमुन्यासाठी एकही मारणे त्यांना मान्य नव्हते. जाळ्यात आलेल्या पक्ष्याची छायाचित्रे, मोजमापे आणि गळालेली काही पिसे यांवर वर्णन केले गेले आणि पक्षी सोडून देण्यात आला. नाव ठेवले लायोसिक्ला बुगुनोरम. त्या रानाच्या भोवती राहणाऱ्या बुगुन लोकांचे.