भिंतीवरची रेघ

‘सांगलीकरांना पूर शिकवायला नको,’ हे वाक्य दर पावसाळ्यात ऐकू येतं आणि ते अगदीच खोटं नाही. जुलै उजाडला की सांगलीत माणसं फुटांत बोलू लागतात. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली किती झालं, कोयना धरणातून किती सोडलं, वारणेचं काय, एवढं विचारून झालं की चहाच्या टपरीवरच हिशेब मांडला जातो. ४० फूट ही इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, कर्नाळ रस्ता इथल्या बाईला तर पाणी आधी कुठल्या गटारातून वर येतं तेही माहीत असतं. गहू-तांदळाची पोती माळ्यावर, फ्रिज टेबलावर, कागदपत्रं प्लॅस्टिकच्या पिशवीत. हे सगळं न सांगता होतं.

यावरून एक मत रूढ झालं आहे: पूर पचवलेलं शहर आपोआप शहाणं होत जातं, लोक जुळवून घेतात, प्रशासनाने फक्त वेळेवर बोटी आणि फूड पॅकेट पोचवावीत. पूरग्रस्तांना अडाणी समजणाऱ्यांना उत्तर म्हणून हे मत पुढे आलं, म्हणून त्याबद्दल मला आदर आहे. तरीही ते चूक आहे असं माझं ठाम म्हणणं आहे, कारण अनुभव नेमकं काय लक्षात ठेवतो याचा विचार त्यात नाही.

गावभागातल्या जुन्या घरांत जिन्याजवळच्या भिंतीवर रेघ असते. २००५ साली पाणी इथवर आलं होतं, त्याची ती खूण. त्या वेळी पुलाजवळ पातळी साधारण ५४ फुटांवर गेली होती. पुढची चौदा वर्षं कपाटं, मीटर, देव्हारा, दुकानातल्या फळ्या सगळं त्या रेघेच्या वर बसवलं गेलं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागलं तेव्हा ‘२००५ला एवढंच आलं होतं, पायरीवर थांबेल’ म्हणून कितीतरी कुटुंबं घरातच राहिली. पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलं. हरभट रोड, गणपती पेठ, मारुती चौक बुडाले, आणि माणसं गच्चीवर बसून बोटीची वाट पाहत होती. त्यांना पुराचा अनुभव नव्हता असं कोण म्हणेल? अनुभव होता म्हणूनच ती थांबली.

याहून जुनं उदाहरण हरिपूरचं आहे. कृष्णा-वारणेच्या संगमाजवळच्या या गावात हळद साठवायची पेवं होती. जमिनीत खोल खणलेली, तोंडाशी अरुंद आणि आत ऐसपैस. आतली माती कोरडी, त्यामुळे हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही. पाणी कुठवर येतं आणि कुठे येत नाही हे पिढ्यान्‌पिढ्या पाहून निवडलेली ती जागा होती. याहून पक्कं स्थानिक ज्ञान दाखवणं अवघड आहे. २००५च्या पुराने त्यातली बरीच पेवं निकामी केली. पेवं खणणारे चुकले नव्हते. त्यांनी पाहिलेली नदी वेगळी होती.

सांगलीतली पातळी एकट्या कृष्णेवर ठरत नाही. वर कोयना आहे. संगमाशी वारणा भरून आली की कृष्णेचं पाणी मागे फुगतं. खाली नृसिंहवाडीला पंचगंगा मिळते. या तिन्हींचं पाणी एकाच वेळी आलं, तर कालच्या पुराची आठवण आजच्या पुराला लागू पडत नाही. त्यात नदीकाठचा पसारा बदलला: पुराचं पाणी सामावणारे ओत बुजले, रस्त्यांचे भराव उंचावले. प्रत्येकाने स्वतःपुरतं जोतं वर घेतलं, मुरूम टाकून प्लॉट उचलला. त्याच्यापुरतं ते जुळवून घेणंच आहे, पण त्याने अडवलेलं पाणी शेजारच्या बैठ्या घरात शिरतं. खालच्या अंगाला कर्नाटकातल्या अलमट्टी धरणामुळे पाणी तुंबतं का, हा वाद महत्त्वाचा आहे, पण त्याचा निकाल कसाही लागला तरी हा मुरूम आपणच टाकला आहे.

कुणी म्हणेल, २०२१ साली पाणी पुन्हा ५५ फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा लोक वेळेवर बाहेर पडले ते अनुभवामुळेच ना? हा आक्षेप बिनतोड वाटतो. पण तेव्हा आठवण दोनच वर्षांची होती. २००५ची आठवण २०१९पर्यंत भिंतीवरची रेघ होऊन गेली होती. ताज्या भीतीवर शहराचं नियोजन उभं करता येत नाही. शिवाय ही आठवण सगळ्यांकडे नसते. जळगावहून बदलून आलेल्या कारकुनाला तळमजल्याची खोली स्वस्तात मिळते, ती का स्वस्त आहे ते एजंट सांगत नाही. गुंठेवारीतल्या वस्त्यांत राहणाऱ्यांना तर सगळं ठाऊक असतं. तरी ते तिथेच राहतात, कारण गावात दुसरीकडे गुंठाभर जागा त्यांच्या ऐपतीत नाही. अशांच्या सोसण्याला ‘जुळवून घेणं’ म्हणून आपण मोकळे होतो, याची मला चीड येते.

मग करायचं काय? जलसंपदा खातं नदीकाठी दोन रेषा आखतं: २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. सोळा वर्षांत तीन महापूर पाहिलेल्या गावात त्या नव्याने मोजल्या पाहिजेत, आणि निळ्या रेषेच्या आत भरावाची एकही पाटी पडू देता कामा नये. तिथल्या कुटुंबांना उंचावर, पण कामधंद्याच्या जवळ घरं द्यावी लागतील. टपरीवरचा फुटांचा हिशेबही वाया घालवू नये. अमुक विसर्ग, अमुक फूट, अमुक गल्ली असा तक्ता करून तो प्रत्येक भाडेकरूच्या हातात द्यावा. तो ५७ फुटांवर थांबवू नये, ६० फुटांपर्यंत न्यावा.

आता भिंतींवर तीन रेघा आहेत. २०२१ची रेघ २०१९च्या खाली आहे, आणि खोली दाखवताना घरमालक बोट ठेवतात ते खालच्या रेघेवर.